गांजा, गुन्हा आणि पोलीस दप्तरातील नोंद: बासिम ते वाशिम

१/ आजच्या वाशिमला इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ म्हणत. वऱ्हाडातील हा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी ‘वाशिम’ या नावाने पुन्हा अस्तित्वात आला. दरम्यानच्या काळात गांजाविषयीचा कायदा पूर्णपणे उलटला.

२/ बासिम जिल्हा होता तेव्हा वऱ्हाडात गांजा परवान्याच्या दुकानांतून विकला जाई आणि सरकार त्यावर अबकारी उत्पन्न मिळवी. १८९३ मध्ये सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा: बेताचे सेवन सहसा अपायकारक नाही, संपूर्ण बंदीऐवजी कर व परवाने यांनी नियंत्रण ठेवावे.

३/ १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा औषधेतर वापर २५ वर्षांत थांबवण्याची अट आली. भारतात १४ नोव्हेंबर १९८५ रोजी एनडीपीएस कायदा लागू झाला आणि जुने परवाना-युग संपले.

४/ आज गांजाच्या सेवनास (कलम २७) सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक किलोपर्यंतचा साठा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो. तो बाळगल्यास (कलम २०) कैद एक वर्षापर्यंत, दंड तेवढाच.

५/ शिक्षा भोगून संपते, नोंद संपत नाही. रिसोड वा कारंज्याचा तरुण पोलीस भरतीत उतरला, की चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते. ब्रिटनने १९७४ साली ठरावीक काळानंतर किरकोळ दोषसिद्धी ‘कालबाह्य’ मानणारा कायदा केला. भारतात प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही.

६/ तरीही काही वाटा आहेत. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार न्यायालय समज देऊन किंवा हमीपत्रावर सोडू शकते. कलम १२ अन्वये अशा व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र एनडीपीएसचे कलम ३३ ही सवलत प्रौढांना जवळजवळ नाकारते. सेवनाचा गुन्हा तिला अपवाद आहे, बाळगण्याचा नाही. म्हणजे ओढणाऱ्याला दार उघडे, खिशात पुडी सापडलेल्याला बंद.

७/ या दारालाही मर्यादा आहे. बक्षी राम खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कलम १२ अपात्रता दूर करते, दोषसिद्धी पुसत नाही.

८/ व्यसनाधीन व्यक्तीसाठी कलम ६४अ आहे. सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असताना तिने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

९/ नोंद खरोखर नष्ट करण्याची तरतूद आहे ती मुलांसाठी. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ अठरा वर्षांखालील मुलाची अपात्रता दूर करते आणि विहित मुदतीनंतर अभिलेख नष्ट करण्यास सांगते. गंभीर गुन्ह्यांची काही प्रकरणे यास अपवाद आहेत.

१०/ प्रौढाला उरतो तो प्रामाणिकपणा. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दडवली गेली असली तरी नियोक्ता ती चूक माफ करू शकतो. पण खरे सांगणाऱ्यालाही नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही; निर्णय नियोक्त्याचाच.

११/ बासिमच्या काळात गांजाच्या खरेदीची नोंद सरकारच्या जमेत पडे. आज तीच नोंद माणसाच्या नावे खर्ची पडते, आणि ती कधी मिटवावी हे ठरवणारा कायदा प्रौढांसाठी अजून झालेला नाही.