धात्रीपरीक्षा : मूल सांभाळणारीच्या निवडीचा इतिहास

तान्हे मूल परक्या स्त्रीच्या हाती सोपवण्यापूर्वी तिची पारख करून घेण्याची रीत भारतात सुमारे दोन सहस्रकांइतकी जुनी असून, तिचे सर्वांत तपशीलवार लेखी रूप आयुर्वेदाच्या संहितांमध्ये आढळते. आईला दूध नसेल किंवा ती दगावली असेल, तर मुलाला अंगावर पाजण्यासाठी जी स्त्री नेमली जाई तिला धात्री म्हणत. तिच्या निवडीचे निकष चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचना, गर्भ आणि प्रसूती यांचा विचार करणाऱ्या विभागात, दिलेले आहेत. धात्री कुटुंबाच्याच वर्णाची, निरोगी, निर्व्यसनी, शीलवान आणि मुलावर माया करणारी असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. सुश्रुताने तर ती मध्यम वयाची व मध्यम बांध्याची, चंचल नसलेली आणि हावरी नसलेली असावी असेही बजावले आहे. यांतील काही निकष उघडच जातिव्यवस्थेतून आलेले आहेत, तर काहींमागे प्रत्यक्ष निरीक्षण दिसते: स्तन फार ओघळलेले असल्यास मुलाचे नाक-तोंड झाकून ते गुदमरण्याचा धोका असतो, हे कारण सुश्रुताने स्पष्टपणे नोंदवले आहे.

या परीक्षेचा कळस म्हणजे दुधाची चाचणी होय. धात्रीचे थोडे दूध पाण्यात सोडून पाहत. ते थंड, निर्मळ, पातळ आणि शंखासारखे पांढरे असून पाण्याशी एकजीव झाले, त्यावर फेस किंवा तंतू दिसले नाहीत आणि ते तरंगले नाही की तळाशी बसले नाही, तर ते शुद्ध मानले जाई. मात्र संहिताकारांची दृष्टी दुधापाशी थांबली नव्हती. राग, शोक आणि मायेचा अभाव यांमुळे दूध आटते, म्हणून धात्रीचे मन प्रसन्न ठेवावे, आणि ती भुकेली, दमलेली किंवा शोकाकुल असताना तिचे दूध मुलाला देऊ नये, असे सुश्रुत सांगतो. सांभाळणारी सुखी असल्याशिवाय मूल सुखी राहत नाही, हा विचार या सूचनांमध्ये बीजरूपाने आहे. तथापि त्याच यादीत धात्री ‘जीवद्वत्सा’, म्हणजे जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी, असावी ही अटही आहे. तिचे मूल जगले ही तिच्या दुधाची आणि संगोपनाची खूण मानली गेली. पण ती दुसऱ्याच्या घरी राबत असताना त्या मुलाला कोण पाहणार, याचा विचार निवडीच्या निकषांत कोठेच नाही. धात्रीच्या निवडीचा पुढचा सारा इतिहास या एका त्रुटीभोवती फिरतो.

श्रीमंत घरांत हे काम अनेक स्त्रियांमध्ये वाटलेले असे. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहात संपन्न घरच्या बालकाला आठ धात्री नेमल्याचे वर्णन वारंवार येते: दोघी कडेवर घेणाऱ्या, दोघी दूध पाजणाऱ्या, दोघी स्वच्छता राखणाऱ्या आणि दोघी खेळवणाऱ्या. महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वपरिचित उदाहरण मात्र एकाच स्त्रीचे आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाल्यानंतर त्यांच्या आई सईबाईंची प्रकृती ढासळत गेली, तेव्हा गडाजवळच्या कापूरहोळ येथील गाडे घराण्यातील धाराऊ यांना दूधआई म्हणून नेमण्यात आले; सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी निवर्तल्या. दूधआईची मुले ही राजपुत्राचे दूधभाऊ ठरत, आणि या नात्यामुळे धात्रीच्या कुटुंबाला राजघराण्याशी जोडणारा मानाचा धागा मिळे. दुसऱ्या टोकाला मेवाडची पन्ना धाय उभी आहे. गादी बळकावणाऱ्या बनवीराच्या तलवारीपासून राजपुत्र उदयसिंहाला वाचवण्यासाठी तिने स्वतःच्या मुलाला त्याच्या जागी निजवले, अशी तिची कथा स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. धात्रीकडून समाज किती मोठ्या त्यागाची अपेक्षा करू शकत होता, हेही त्या कथेतून कळते.

ब्रिटिश अमदानीत निवडीचे साधन बदलले. मुंबईसारख्या शहरांत गोऱ्या कुटुंबांतील मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला ‘आया’ म्हणत, आणि तिची पारख आधीच्या मडमेने लिहून दिलेल्या शिफारसपत्रावरून, म्हणजे ‘चिठ्ठी’वरून, होऊ लागली. बहुतेक आयांना इंग्रजी वाचता येत नसल्याने आपल्याविषयी काय लिहिले आहे हे त्यांनाच ठाऊक नसे, तरी पुढची नोकरी त्या कागदावर अवलंबून असे. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग या लेखकाने आपल्या आत्मचरित्रात कॅथलिक आयेची आठवण नोंदवली आहे. मुले तिच्या सहवासात देशी भाषा इतकी सहज बोलत की आईवडिलांसमोर जाताना त्यांना इंग्रजी बोलण्याची आठवण करून द्यावी लागे. मायदेशी परतणाऱ्या कुटुंबांबरोबर अनेक आया बोटीने इंग्लंडला जात, आणि परतीच्या प्रवासाची सोय न करता काहींना तेथेच सोडून दिले जाई. अशा स्त्रियांच्या आसऱ्यासाठी लंडनमध्ये आयांचे वसतिगृह चालत असे. ते १९०० मध्ये ऑल्डगेटहून हॅकनी भागात हलवले गेले.

याच काळात मुंबईच्या गिरणगावातील कामगार स्त्रीपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण निवडण्यासाठी लागणारा पैसा तिच्याजवळ नव्हता. पाळीवर जाताना मूल म्हातारीकडे, शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे सोपवले जाई, आणि ते रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी चाटवली जाई. १९२० च्या दशकातील पाहण्यांनी या प्रथेची गंभीर दखल घेतली. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणापुरता दिलासा दिला. त्यापुढील टप्पा १९४८ च्या कारखाने कायद्याने गाठला: पन्नासहून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवे, आणि ते बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे, असा दंडक त्याने घातला; १९७६ मध्ये ही मर्यादा तीस स्त्रियांपर्यंत खाली आणली गेली. वर्ण, कुळ आणि चिठ्ठी यांच्या जागी प्रशिक्षण हा निकष येथे कायद्याच्या भाषेत आला, आणि श्रमणाऱ्या आईच्या मुलाची सोय ही मालकाची जबाबदारी ठरली.

केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. तथापि मुंबई-पुण्यात घरोघरी मूल सांभाळणाऱ्या मावशी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना कामावर ठेवताना ओळखपत्र, आधीच्या घरांची खात्री, पोलीस पडताळणी, स्वच्छता आणि स्वभाव यांची चौकशी होते, आणि ती योग्यच आहे, कारण लहान मूल स्वतःची बाजू मांडू शकत नाही. परंतु ही चौकशी दोन्ही बाजूंनी पूर्ण व्हायची तर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, आजारपणातील पगार आणि मावशींच्या स्वतःच्या मुलांची सोय हे विषयही पहिल्याच बैठकीत निघाले पाहिजेत. सुश्रुताने धात्रीच्या भुकेची आणि शोकाची दखल घेतली ती पाजल्या जाणाऱ्या मुलाच्या हितासाठी. आजच्या कुटुंबांनी ती तिच्या स्वतःच्या हक्कासाठीही घेतली, तरच धात्रीपरीक्षेतील ही जुनी उणीव भरून निघेल.