नाताळ की ख्रिस्तजयंती?

बीड जिल्ह्यातील आम्हां ख्रिस्ती जनांत डिसेंबर आला की वाद निघतो : सणाला ‘नाताळ’ म्हणावे की ‘ख्रिस्तजयंती’? ‘नाताळ’ परकीय, असा आक्षेप. शब्द मूळचा पोर्तुगीज ‘नाताल’. त्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधीचा. अर्थ जयंतीचाच! १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली. तेथील पोर्तुगीज राज्य गेले, शब्द राहिला. बीड तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात; राजभाषा उर्दू, आणि उर्दूत हा सण ‘बडा दिन’. तेव्हा येथे ‘नाताळ’ हा शब्द सत्तेने नव्हे, मराठीनेच आणला, असे आम्हांस वाटते. ‘ख्रिस्तजयंती’ अवश्य म्हणावे. परंतु दूर उसाच्या फडात सण काढणाऱ्या आमच्या माणसांच्या तोंडचा शब्द परका ठरवू नये.