मेथॅम्फेटामाइनची तल्लफ : नशा सुटल्यानंतरचे धोक्याचे दिवस

चहाची तल्लफ, तपकिरीची तल्लफ असे आपण सहज बोलून जातो. वेळ झाली, वस्तू हाती आली, की ती भागते. मेथॅम्फेटामाइन या उत्तेजक अमली पदार्थाच्या बाबतीत मात्र हा शब्द फारच सौम्य ठरतो. ही तल्लफ भागवली म्हणून शमत नाही. पदार्थ सोडल्यावरही पुढील काही आठवडे ती ओसरण्याऐवजी वाढत जाते. ज्या काळात घरच्यांना रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो, नेमक्या त्याच काळात ती सर्वांत बळावलेली असते.

‘मेथ’, ‘आइस’, ‘क्रिस्टल’ अशा नावांनी विकले जाणारे हे द्रव्य तसे जुनेच आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये ते इफेड्रिनपासून प्रथम तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ‘पर्विटिन’ आणि जपानमध्ये ‘हिरोपोन’ या नावाने ते सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वापरले गेले. युद्धानंतर जपानमध्ये त्याचे व्यसन इतके फैलावले, की १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडील बातम्यांत वारंवार येणारे ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, हे निराळे रसायन आहे. दोहोंची गल्लत नेहमी होते. मात्र एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर येथील एका कारखान्यातून कित्येक टन इफेड्रिन जप्त केले होते, ते मेथचाच कच्चा माल म्हणून.

‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’

मेथमुळे मेंदूतील डोपामाइन हे रसायन एकदम मोठ्या प्रमाणावर बाहेर लोटले जाते आणि ते परत शोषून घेण्याची व्यवस्थाही अडवली जाते. शरीरातील कोकेनचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक तास पुरतो. मेथला साधारण दहा ते बारा तास लागतात. इतका वेळ मेंदूला मिळत असलेला धडा एकच असतो : हे महत्त्वाचे आहे, हे लक्षात ठेव.

टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते ‘आवडणे’ आणि ‘हवे असणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. व्यसन वाढत जाते तसे आवडणे कमी होत जाते, हवे असणे मात्र तीव्र होते. ‘मला त्यात आता काहीच मजा वाटत नाही’ असे सांगणारा रुग्ण त्याच संध्याकाळी पुन्हा पदार्थाच्या शोधात निघतो, तेव्हा नातेवाइकांना तो धादांत खोटे बोलला असे वाटते. तो बहुधा खरेच बोललेला असतो.

ही ‘हवे’पणाची कळ बारीकसारीक खुणांनी दाबली जाते. ठरावीक चौक, एखाद्या मित्राचा फोन, लायटर, चांदीचा कागद, पगाराचा दिवस, खिशातली रोकड, शनिवारची रात्र. खूण दिसताच छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, पोटात ढवळते. विचार त्यानंतर येतो आणि तोही सबब घेऊनच येतो. मद्याचा एक पेलाही याच कामाला येतो, कारण त्याने मनाचा ब्रेक सैल होतो.

त्या अवस्थेतील माणसाचे वागणे बाहेरून चमत्कारिक दिसते. बोलता बोलता त्याचे लक्ष उडते, साध्या प्रश्नावर तो भडकतो, बाथरूममध्ये किंवा गच्चीवर वेळ काढतो, अकारण बाहेर पडण्याची निमित्ते शोधतो. पैशांचे हिशेब जुळेनासे होतात. मेथच्या आहारी गेलेल्यांना उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आत्ताचा छोटा लाभ अधिक ओढून घेतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. अशा वेळी मुलांची फी, नोकरी, दिलेला शब्द या गोष्टी त्याला ठाऊक असतात, फक्त फार दूरच्या वाटतात. घरात यालाच निर्लज्जपणा म्हटले जाते.

शेहेचाळिसावा दिवस

दारू आणि गर्द यांच्या अनुभवावरून आपल्याकडे व्यसनमुक्तीची एक कल्पना पक्की झाली आहे. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू झाले ते गर्दच्या लाटेच्या काळात. गर्द ओढणाऱ्यांच्या भाषेतील ‘टर्की’ म्हणजे अंगदुखी, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी. ते दिवस काढले, की मोठा डोंगर ओलांडला असे घरच्यांना वाटते. मेथच्या रुग्णाला असे काही ठळक होत नाही. तो झोपतो, खूप झोपतो, उठून भरपूर खातो, पुन्हा झोपतो. चेहरा भरतो. आईला वाटते, मुलगा परत आला.

दक्षिण कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या ‘मॅट्रिक्स’ उपचारपद्धतीने या पुढच्या काळाचे टप्पेच आखून दिले आहेत. पहिले १५ दिवस थकवा आणि उदासी यांचे. सोळाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या टप्प्याला तेथे चक्क ‘मधुचंद्र’ म्हणतात : अंगात उत्साह असतो, आत्मविश्वास ओसंडतो आणि समुपदेशनाला जाणे रुग्णाला अनावश्यक वाटू लागते. शेहेचाळिसाव्या दिवसापासून सुमारे एकशेविसाव्या दिवसापर्यंत उभी राहते ती ‘भिंत’. कशातच रस वाटत नाही, चिडचिड वाढते, जगणे बेचव होते आणि त्या बेचव जगण्यात एकच गोष्ट रंगीत आठवते. दिवसांचे हे आकडे प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाहीत. तथापि कुटुंबाला आगाऊ ठाऊक असले, तर तिसऱ्या महिन्यातील त्रागा ‘मूळ स्वभाव’ म्हणून ओळखला जाण्याची चूक टळते.

प्रयोगशाळेतील निष्कर्षही याच दिशेने जातात. अमेरिकेत २००१ मध्ये कोकेनची सवय लावलेल्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात पदार्थ बंद केल्यावर पहिले काही आठवडे ओढ वाढत गेल्याचे आढळले. चीनमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेथ सोडलेल्यांना पदार्थाची आठवण देणाऱ्या खुणा दाखवण्यात आल्या, तेव्हा तीन महिन्यांच्या सुमारास तल्लफ सर्वाधिक होती. वर्ष उलटलेल्यांत ती उतरलेली होती. नोरा व्होल्कोव यांच्या २००१ मधील मेंदूचित्रणाच्या अभ्यासात वर्षाहून अधिक काळ मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूतील डोपामाइन-वाहकांची हानी काही अंशी भरून निघालेली दिसली. स्मृती आणि हालचालींतील चपळाई मात्र त्या मानाने सुधारली नव्हती.

‘मॅट्रिक्स’मध्ये रुग्णाला स्वतःचे ‘नांगराचे दोर’ लिहून काढायला सांगतात : नियमित व्यायाम, जेवणाच्या वेळा, ठरावीक माणसांना भेटणे. व्यसनाकडे परतणे अचानक घडत नाही. आधी एकेक दोर सुटतो आणि होडी नकळत वाहत जाते. सुटलेला दोर बहुधा रुग्णाआधी घरच्यांच्या ध्यानात येतो.

बक्षीस देऊन उपचार

मेथच्या व्यसनावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले एकही औषध नाही. नॅल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या एकत्र वापराचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३.६ टक्के रुग्णांना गुण आला. प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली नकली मात्रा, घेतलेल्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. फरक खरा, पण आकडा लहान. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो एका साध्या युक्तीचा : लघवीच्या तपासणीत मेथ आढळले नाही, की लगेच छोटे बक्षीस द्यायचे. ‘आत्ताचे’ आकर्षण हीच रुग्णाची दुबळी बाजू असल्याने तीच येथे कामाला लावली जाते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत ही पद्धत आणली. व्यसनाधीनांना बक्षिसे कसली द्यायची, हा आक्षेप तेथेही घेतला गेला.

भारतात उपचारांच्या आड बहुतेक वेळा येते ती पोलिसांची भीती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार मेथचे २ ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण ‘अल्प’, तर ५० ग्रॅमपेक्षा अधिक ‘व्यापारी’ मानले जाते. याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, पदार्थाचे सेवन किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीविषयक मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे.