चाळीस दिवसांचा पहारा

रगुसा नगराने 1377 साली साथीच्या मुलखांतून येणाऱ्यांस तीस दिवस वेगळे ठेविले; पुढे चाळीस दिवस झाले, व त्यावरून 'क्वारंटाइन' शब्द आला. हाच पहारा कालांतराने काचपेटीतील माशांवरही बसला. 1951 साली उघडलेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या उशाशी समुद्र होता. मुरबाडच्या हौशी गृहस्थास खारे पाणी घरीच सिद्ध करावे लागते. खरा घात मात्र पुढेच. नव्या टाकीत माशांनी सोडलेला अमोनिया पचविणारे जंतू वसलेले नसतात. म्हणजे रोगातून वाचलेला जीव पहाऱ्यातच गुदमरतो! परोपजीवींवरचा मोरचूद किंचित अधिक पडला की औषधाचेच विष होते. कोळंबी तर अल्प मात्रेनेही दगावते. आणि झाकण राहिले, तर बुजलेला मासा सकाळी फरशीवर सापडतो.