पीजे, ७२ व्होल्ट आणि भाच्याची गाडी

परवा भाच्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून जामनेरला निघालो. वाटेत चार्जिंगला थांबलो. यंत्रावर ६० किलोवॅट लिहिलेलं, आकडा मात्र २८ च्या वर जाईना. भाचा वैतागला. मला मात्र पाचोऱ्याचं स्टेशन आठवलं.

आमची पीजे नॅरोगेज. रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच फूट. पाचोऱ्याची मेन लाइन ब्रॉडगेज. इकडचा डबा तिकडे जाणार कसा? ५६ किलोमीटर डुलत यायचं आणि तिथे उतरायचं! २०२० च्या लॉकडाउनमध्ये तीही थांबली. असो.

विजेच्या गाड्यांचंही असंच झालं. २०१७ साली सरकारी 'ईईएसएल'ने १०,००० गाड्यांची निविदा काढली. तेव्हाच्या टिगोर, ई-व्हेरिटोची बॅटरी ७२ व्होल्टची. तशा गाड्यांसाठी 'भारत डीसी-००१' हे १५ किलोवॅटचं मानक. २०२० मध्ये नेक्सॉन आली ती ३०० व्होल्टच्या पुढची, सीसीएस-२ प्लगची. जुनी यंत्रं तिच्या काहीच कामाची नाहीत!

आता प्लग जुळतो, तरी वेग सारखा नाही. करंट किती हवा ते गाडी सांगते, चार्जर आपल्या ताकदीत तेवढा देतो. बॅटरी फार तापली की गाडी कमी मागते (आणि आपलं खानदेशी ऊन!). ८० टक्क्यांनंतर तर सेल जपायला मुद्दाम मंदावते. शिवाय काही यंत्रं दोन गाड्यांत वीज वाटून देतात.

आमच्या शेजारी एक टॅक्सी लागली होतीच. ती गेली आणि आकडा ४१ वर चढला. तोवर आमचे दोन चहा झाले होते.