आधी पाण्याला वाट
पनामा कालव्याच्या कथेत यंत्रांचा पराक्रम वर्णिला जातो; परंतु क्युलेब्राच्या खिंडीत सत्ता चालली ती पाण्याची. १९०७ च्या ऑक्टोबरात पावसाने भिजलेला कुकाराचाचा उतार खचला. सुमारे ५ लाख घनयार्ड माती दररोज १४ फूट याप्रमाणे कित्येक दिवस सरकत राहिली. रूळ वाकले; रुळांवरची वाफेची अजस्र खोदयंत्रे निरुपयोगी ठरली. यंत्राचे बळ पोलादात जितके, तितकेच पायाखालच्या भूमीत असते. म्हणूनच खिंडीचा तळ मध्यापासून दोन्ही टोकांकडे उतरता ठेवण्यात आला. ओबिस्पो नदी निराळ्या चरातून वळविण्यात आली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. तरीही १९१५ मध्ये दरडींनी तो कित्येक महिने अडविला. ओल्या भूमीत आधी पाण्याला वाट द्यावी, मगच यंत्राला!