सामूहिक वनहक्क
परंपरेने वापरात असलेल्या जंगलाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा कायदेशीर अधिकार. १८७८ व १९२७ च्या वन कायद्यांमुळे जंगलाचा कारभार वनखात्याच्या हाती एकवटला आणि तेथील रहिवासी अतिक्रमणदार ठरले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार दिले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला. या कायद्यानुसार दाव्यांची पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते. पुढे उपविभागीय समिती तपासणी करते आणि जिल्हा समिती अंतिम निर्णय देते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. सर्वसहमतीने निर्णय घेणे आणि अभ्यासगट चालवणे ही या गावाची जुनी रीत होती. बांबू गौण वनोपज असूनही त्याच्या वाहतूक परवान्यांसाठी गावाला झगडावे लागले; २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यानंतर विदर्भातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. हक्कपत्राइतकीच जागरूक ग्रामसभाही आवश्यक असते, हे मेंढ्याने सिद्ध केले आहे.